चांद्याच्या तोंडातला चेंडू

मला पाहून पहिल्या झटक्यात कुणी चेंडू म्हणणार नाही. एका बाजूने मी चपटा, दुसऱ्या बाजूने फुगलेला. शिवणीतून सरकी डोकावते आणि अंगभर दातांच्या खुणा आहेत. तरी मित्रांनो, मी चेंडूच आहे. जुना, चिंध्यांचा, तीर्थपुरीचा. टप्पा घेऊन उंच उडण्याचा मी कधी आव आणला नाही. पण ज्या हातातून सुटलो आणि ज्या तोंडातून परत आलो, त्या दोघांची हकिकत सांगण्यासारखी आहे.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला काही वर्षं उलटली होती, तेव्हाच्या एका हिवाळ्यात माझा जन्म झाला. पोटात सरकीसकट कापूस, त्यावर झुंबरबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणि सगळ्यांवरून त्यांच्या मालकांच्या, म्हणजे काकासाहेबांच्या, विटक्या पटक्याचं कापड. पोती शिवायच्या दाभणाने झुंबरबाईंनी मला ओट्यावर बसून शिवलं आणि टाक्यागणिक एक तक्रार केली. माणसांचा जमाखर्च मनात मांडायची सवय मला तेव्हापासूनची. त्यांची शिवण मी जमेला धरली, तक्रारी खर्ची टाकल्या. तरी शिल्लक बरीच उरली.

मला शिवायचं कारण असं की दिवाळीनंतर काकासाहेबांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं लवकर परतलं. घरच्यांच्या मते जरा जास्तच लवकर. पायही हळूहळू चालू लागला. पण उजवा हात मांडीवरून उठेना. जालन्याच्या हकीमसाहेबांनी चोळायला तेल दिलं आणि सांगितलं, मऊ चेंडू दाबा, फेका, रोज फेका, हाताला बसू देऊ नका.

घाई होती ती वैशाखाची. वैशाखात त्यांच्या लेकीचं, ताराचं लग्न ठरलं होतं, धावडा गावच्या एका घरी. कन्यादानाला बापाचा उजवा हात लागतो. धाकटे भाऊ धर्मराज म्हणाले होते, "दादा, तुमी आरामात बसा, कन्यादान मी करतो." त्यात प्रेम होतंच, पण थोडी हौसही होती. त्या दिवसापासून काकासाहेब चारचौघांत जेवेनात. डाव्या हाताने खाताना कुणी पाहू नये म्हणून त्यांचं ताट आतल्या खोलीत जाऊ लागलं.

तर मित्रांनो, माझं काम सुरू झालं. काकासाहेब ओट्याच्या कडेला बसायचे आणि मला मांडीवरून ढकलायचे. मी पायरीवर आपटून अंगणात घरंगळायचो. मग मला आणायचं कुणी? पहिले काही दिवस झुंबरबाईंनी हौसेने आणलं. पुढे ज्वारीची कामं निघाली. एकदा भाकरी थापता थापता त्यांना तिसऱ्यांदा हाक गेली, तेव्हा त्या पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"मी काय कुत्रं हाये का तुमचं, पळत जाऊन आणून द्यायला?"

दारात ताराला हसू फुटलं. आणि मग तिघांचीही नजर एकाच वेळी कडब्याच्या गंजीकडे गेली. तिथे चांद्या पडला होता. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, शिळ्या भाकरीवर घर राखणारा कुत्रा.

चांद्या ओट्यापासून दूरच राहायचा, आणि त्याला कारण होतं. काकासाहेबांचा नेम गावात प्रसिद्ध होता. ओट्यावरून भिरकावलेला धोंडा विहिरीपाशी कुत्र्याला बराबर लागायचा. चांद्याच्या मागच्या पायावर त्याची पावती होती. आमच्याकडच्या कुत्र्यांना पळायला शिकवावं लागत नाही. माणूस वाकला की ती निघतात. हातात काही आलं की नाही, हे बघायला थांबत नाहीत. माणसाच्या हातातून सुटणारी वस्तू म्हणजे काय, हे चांद्याच्या हिशेबी पक्कं होतं. आणि आता तोच माणूस म्हणत होता, तिकडे धाव आणि ती वस्तू तोंडात धरून माझ्याकडे आण. मला शिवण उसवेपर्यंत हसू आलं असतं.

पहिल्या दिवशी मी घरंगळलो आणि चांद्या गंजीमागे गेला. दुसऱ्या दिवशी तो विहिरीपलीकडे गेला. काकासाहेबांनी बैलांना घालतात तशी हाळी घातली, तेव्हा तर तो संध्याकाळपर्यंत दिसला नाही. मग ताराने युक्ती काढली. बाजारच्या दिवशीच्या रश्श्यात मला बुडवलं आणि गंजीपाशी ठेवून दिलं. चांद्याने मला चाटलं, मान वळवून पाहिलं, पुन्हा चाटलं आणि मग कडेने फाडलं. झुंबरबाईंनी नवे टाके घातले, नव्या तक्रारींसह.

"बापू, वरडू नका," तारा बापाला म्हणाली. "त्याच्याकडं बघू पण नका. तुमचं बघणंच धोंड्यासारखं हाय."

काकासाहेबांना राग यायला हवा होता. पण ते उठले, काठी टेकत ओटा उतरले आणि अंगणात मातीत जाऊन बसले. दोन बैलजोड्यांचा धनी, खाली, कुत्र्याच्या बरोबरीला. शेजारचे कडूबा बैलं घेऊन चालले होते. त्यांना हे कसलं सोसतंय.

"काकासाहेब, कोण कुणाला शिकवून राह्यलंय?"

"दोघं बी एकाच वर्गात हाओत," काकासाहेब म्हणाले, आणि मला पुढे ढकललं.

आता मी जमिनीसरशी सरकायचो. हात वर जात नव्हता, जाऊच शकत नव्हता. काकासाहेबांना त्याचं दुःख होतं, पण चांद्याने नेमकं तेच टिपलं. हा हात आता उगारला जात नाही, हे त्याने कित्येक दिवस गंजीआडून पाहिलं, आणि मग एका सकाळी तो माझ्यापाशी आला. हुंगलं, उचललं, अर्ध्या वाटेवर आणून टाकलं आणि चार पावलं मागे सरला. काकासाहेबांनी भाकरीचा तुकडा तिथेच सरकवला. दुसऱ्या दिवशीचा तुकडा जरा अलीकडे ठेवला, तिसऱ्या दिवशीचा आणखी अलीकडे. कुत्र्याला खेळ आवडायला लागला की त्याचं शेपूट आधी कळवतं. चांद्याचं शेपूट कळवू लागलं.

आणि एकदा त्याने मला थेट मांडीवर आणून ठेवलं. काकासाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला तो उजवा. मांडीवरून उठून तो आपला आपण तिथवर गेला होता, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या झुंबरबाईंनी मात्र पाहिलं होतं. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी एकही तक्रार केली नाही. ते मी ठळक अक्षरात जमेला धरलं.

पुढे काम जल्दी चाललं. हात छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला. मी अंगणाच्या कडेला जाऊ लागलो आणि चांद्या माझ्यामागे धूळ उडवत धावू लागला. फाल्गुनात एके दिवशी काकासाहेबांचा हात कानाच्या वर गेला. ते खुशीत ओरडलेच. चांद्याने तो वर गेलेला हात पाहिला, शेपूट पायांत घातलं आणि तो नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

झुंबरबाई म्हणाल्या, "हात तर वर गेला. काम झालं. आता त्या कुत्र्याचं काय इतकं?"

"काम माझं झालं," काकासाहेब म्हणाले. "त्याचं न्हाई झालं."

चांद्या पुन्हा गंजीआड दिसला, तशी पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा मातीत बैठक. हात थोडा वर न्यायचा, पंजा उघडून दाखवायचा, खाली आणायचा, तुकडा द्यायचा. मग आणखी थोडा वर. स्वतःच्या हातासाठी जेवढा धीर त्यांनी धरला नव्हता, तेवढा या कुत्र्यासाठी धरला. चांद्या पळायचा, थांबायचा, वळायचा, यायचा. आणि गंमत अशी की त्याच्यासाठी वर-खाली करता करता हाताची थरथरही ओसरत गेली.

वैशाखात मांडव पडला. काकासाहेबांनी पटका स्वतः बांधला आणि मला बंडीच्या खिशात टाकलं, वेळ येईपर्यंत मुठीत दाबायला. कन्यादानाच्या वेळी त्यांनी उजव्या हाताने पाण्याची धार सोडली. चार थेंब धोतरावर सांडले, बाकीचं पाणी ताराच्या ओंजळीत बराबर पडलं. धर्मराज आधार द्यायला मागून हात पुढे करून उभे होते, पण त्यांना तो लावावा लागला नाही. डोळे मात्र त्यांचेच आधी भरले. त्यांच्या नावावरची हौस मी तिथल्या तिथे खोडून टाकली.

जेवणाची पंगत बसली तशी पत्रावळींच्या वासाने कुत्री गोळा झाली. धावड्याचे व्याही मोठ्या हौसेने म्हणाले, "काकासाहेब, तुमच्या नेमाचं लई ऐकलंय. होऊन जाऊ द्या एक धोंडा."

सगळी पंगत त्या हाताकडे बघू लागली. जुनी सवय आणि एवढे डोळे. काकासाहेब वाकले, धोंडा उचलला, हात कानाच्या वर गेला. कुत्री केव्हाच पांगली होती. एकटा चांद्या उभा होता. कान टवकारलेले, पुढचे पाय फाकलेले, शेपूट हलतंय. त्याची नजर त्या उगारलेल्या हातावर होती, आणि तो वाट बघत होता. माझी.

काकासाहेबांचा हात तसाच राहिला. मग धोंडा खाली पडला, आणि तो हात कमजोर होता म्हणून नाही.

"त्याला न्हाई मारता यायचं, व्याही. हा हात त्यानं उचलून दिलाय."

त्यांनी खिशातून मला काढलं आणि पंगतीवरून पार मांडवाबाहेर फेकलं. एवढ्या लांब मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. चांद्याने मला आणलं ते पत्रावळींच्या मधल्या वाटेने, कशालाही तोंड न लावता. मग काकासाहेब पंगतीत बसले आणि सगळ्यांसमोर उजव्या हाताने जेवले. भात थोडा सांडला. तो कुणाच्या वाट्याला गेला, हे सांगायला नको.

मित्रांनो, तुम्ही वाकताच एखादं कुत्रं पळालं तर त्याला भित्रं म्हणू नका. कुणाचा तरी धोंडा त्याच्या खाती पडलेला असतो. तो तुमचा नसेल, तरी फेडायला तुम्ही बसलात तर काय बिघडलं? खाली मातीत बसा. हात उघडा दाखवा. भाकरीचा तुकडा जवळ ठेवा आणि त्याला त्याचा वेळ घेऊ द्या. चेंडू कसलाही चालतो; माझ्यासारखा चपटासुद्धा.