सदतीस भोकांची चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पण पीठ किंवा रवा मी जन्मात चाळला नाही. मी शिशाची आहे, चांगली जाडजूड, आणि माझ्या अंगात आरपार सदतीस भोकं आहेत. हल्ली नांदुऱ्याच्या एका दवाखान्यात कोठीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवतात. कुणी माझी स्तुती करू लागलं, की याला माझ्याकडून काय हवंय, हाच विचार आधी माझ्या मनात येतो. काय करणार? मला घडवलंच संशय घ्यायला.

माझं काम ऐका. गळ्याला गाठ आलेल्या रोग्याला एक औषध पाजत. ते गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसे आणि तिथून एकेक किरण बाहेर टाकत राही. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते दाही दिशांना उधळतात. सगळ्यांनाच आत घेतलं, तर कोणता कुठून आला हे कसं कळणार? म्हणून तिरका आलेला प्रत्येक किरण मी माझ्या शिशात गिळून टाकत असे. भोकाच्या रेषेत सरळ आलेल्यालाच पलीकडे वाट होती. पलीकडे एक स्फटिक बसलेला असे. किरण पडला की तो क्षणभर चमके आणि यंत्र कागदावर टक्कन एक ठिपका मारी. शेतात नांगराने तासामागून तास धरावा तसं यंत्र मला रोग्यावरून इकडून तिकडे नेई. जिथे औषध जास्त, तिथे ठिपके दाट.

औषध मुंबईहून आगगाडीने, शिशाच्या डब्यात बंद होऊन येई. आठ दिवसांत त्याचा जोर आपोआप निम्म्यावर येई, म्हणून गाडीला उशीर झाला की यंत्र चालवणारा तुळशीराम स्टेशनाच्या नावाने बोटं मोडी. तुळशीराम माझ्याइतकाच संशयी होता, त्यामुळे आमचं बरं जमे.

एकाहत्तर साली दुसरबीडची रुख्मिणी आली. तिशीची असेल. गळ्यात लिंबाएवढी गाठ. वामनराव डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, इंद्रभानला, स्पष्ट सांगितलं, "गाठ वाईट आहे. पण गळ्यातच असेल तर शुक्रवारी कापून काढू. दुसरीकडे पसरली असेल, तर मात्र माझ्या हातात काही नाही."

औषध पाजल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला माझ्याखाली निजवलं. इंद्रभानने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा बैल चोरला होता.

"हे मशीन आंगातलं रगत तं नाही वढत?" त्याने विचारलं.

"ते काही देत नाही अन् काही घेत नाही. नुसतं पाह्यते," तुळशीराम म्हणाला.

मलाही तो माणूस आवडला नाही. गळ्याचे ठिपके उमटले, ते अपेक्षेप्रमाणेच होते. मग डॉक्टर म्हणाले, डोकंही पाहून घ्या. आणि डोक्याच्या ऐन मध्यावर ठिपक्यांचा एक काळा पुंजका उमटला.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरून पाहिला. मग इंद्रभानला दारापाशी नेऊन हळूच म्हणाले, "डोक्यात गेलंय."

इंद्रभान आत आला आणि अंथरुणाची वळकटी बांधू लागला.

"काऊन हो? शुक्रवारी आपरेशन हाय ना?" रुख्मिणीने विचारलं. त्याने दोरी आणखी आवळली. मला फार वाईट वाटलं, कारण तो पुंजका माझ्याच भोकांतून आला होता.

तुळशीरामने आधी संशय घेतला तो माझ्यावर. औषधाचा थेंब माझ्या तोंडाला तर लागला नाही? त्याने मला स्पिरिटने पुसलं आणि रिकाम्या टेबलावरून फिरवलं. एकही ठिपका पडला नाही. मला अपमान वाटला, पण त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. मग माझी मलाच शंका आली. किरण कोणत्या रेषेतून आला एवढंच मला कळतं. त्या रेषेवर तो किती खोलवरून आला, हे मला कुठे नीट कळतं?

तुळशीरामच्याही मनात तेच आलं असावं. "साहेब, याहिची आजची गाडी चुकली तं चुकू द्या. मले एक डाव बाजूनं पाहू द्या."

"अजून किती पाहता बे?" इंद्रभान खवळला.

"पाहू द्या हो त्याहिले," रुख्मिणी म्हणाली आणि स्वतःच कुशीवर वळली.

त्याने मला डावीकडून, उजवीकडून, तिरकं असं फिरवलं. मग सुतळीने तिचं डोकं मापून कागदावर त्याची आकृती काढली आणि प्रत्येक बाजूच्या पुंजक्याची रेघ ओढली. सगळ्या रेघा एकाच जागी मिळाल्या. ती जागा डोक्याच्या मागे होती, हाडाच्या दोन बोटं बाहेर!

डॉक्टरांनी तिला डोक्यावरचा पदर काढायला सांगितलं. मागे केसांचा जाडजूड बुचडा होता.

"बाई, काल औषध कसं घेतलं?"

रुख्मिणी लाजली. "गिलासानं पेली. शेवटचे थेंब हातावर घेतले, अन् हात डोक्यावरून मांगं फिरवला. शेगावले तीर्थ घेते तसंच. आगगाडीनं येते, इतकं जपून देता, मले वाटलं तसंच काही असंन."

"मग डोक्यावरून न्हालीस का?"

"नाही. आंग धुतलं नुसतं."

शिकेकाईने तिचे केस दोनदा धुतले. मला पुन्हा डोक्यावरून फिरवलं. कागद कोरा राहिला. इंद्रभान वळकटीवरच बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मग उठून त्याने वळकटीची दोरी सोडली. शुक्रवारी गाठ निघाली. वर्षाने रुख्मिणी तपासणीला आली, औषध प्याली, सवयीने हात डोक्याकडे गेला आणि ती स्वतःच हसून थांबली.

मित्रांनो, जन्मभर मी तिरक्यांवर संशय घेतला आणि ती चूक मात्र सरळ वाटेने आली, याची मला अजून लाज वाटते. आता मोठ्या शहरांत रोग्याभोवती आपोआप फिरणारी यंत्रं आहेत; तुळशीरामच्या रेघा तिथे संगणक ओढतो. माझ्या भोकांत कापूस आणि धूळ बसली आहे. कधी आलात तर काडीने ती साफ करा, आणि मला भंगारात देऊ नका. संशय खुशाल घ्या, पहिला माझ्यावरच घ्या. फक्त एकाच बाजूने पाहून कुणाची वळकटी बांधू नका.