कोरडी टाकी

धाकट्याने बाराव्या वर्षी पत्र्याची एक पेटी केली होती. कोन वाकडे, झाकण बसेना, पण केली होती एकट्याने. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली, ऐरणीवर ठेवली आणि लाकडी हातोड्याच्या पाच-सहा ठोक्यांत तिचा पुन्हा सपाट पत्रा करून त्याच्या हातात दिला. "आता नीट कर," म्हणाले. धाकट्याने तो पत्रा जपून ठेवला आणि पुन्हा जन्मात हातोडा धरला नाही. ताई तेव्हा दारात उभी होती. रडली ती, धाकटा नाही.

बाबांच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. दुधाचे कॅन बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेली, सगळी अ‍ॅल्युमिनियमच्या जोडकामावर. हा धातू भारी लबाड. लोखंड वितळण्याआधी लाल होऊन सांगतं तरी, हा काही न सांगता एकदम खाली बसतो आणि भोक पडतं. बाबांच्या हातून एकतीस वर्षांत भोक पडलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि खोटं पाडायला कोणी गेलं नव्हतं. "भांड्यात काही राहिलं तर ते भांडं, नाहीतर सोंग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरातल्या माणसांनाही ते याच मापाने मोजत. मोजून झालं की बहुतेक सगळे सोंगाच्या बाजूला पडत.

कारखाना बंद पडला आणि बाबा घरामागच्या शेडमध्ये जाऊन बसले. रोज सकाळी हत्यारांना तेल लावायचं, दुपारी जेवायला यायचं, पुन्हा जाऊन तेच तेल पुसायचं. काम कोणी आणत नव्हतं. माणूस असा रिकामा बसलेला पाहवत नाही, मग तो कितीही फाटक्या तोंडाचा असो.

धाकटा पुढच्या खोलीत कॉम्प्युटर बनवायचा. दुकानातून उचलून आणायचे तसे नव्हेत. गिऱ्हाईक सांगेल त्या आकाराचे, आणि आतून पाण्यावर थंड होणारे. एक छोटा पंप टाकीतलं पाणी यंत्राच्या तापणाऱ्या भागांवरून फिरवतो, पंखे त्या पाण्याची उष्णता काढून घेतात आणि पाणी परत टाकीत येतं. नवऱ्याचं घर सोडून ताई परत आली, तेव्हा धाकट्याने तिला तारांचं काम दिलं. प्रत्येक तारेवर विणलेली बारीक नळी चढवायची, तिचं टोक गरम हवेने आवळून बसवायचं, मग चोवीस तारा छोट्या फणीतून काढून एका ओळीत, एका वळणात बसवायच्या. बोटांची सालं निघायची. पण काम देखणं व्हायचं. हे तिला ठाऊक होतं, कोणी म्हणत मात्र नव्हतं.

हाताने बनवलेल्या कॉम्प्युटरांचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं. धाकटा एक दिवस शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाबा, एक टाकी कराल का? कॉम्प्युटरसाठी. हातची हवी."

बाबांनी वर पाहिलं नाही. पण तेलाचं फडकं खाली ठेवलं. "पाणी राहणार तिच्यात?"

"पाण्याचीच टाकी."

"आणि ते पाणी पुढे कशाकशाला लागणार? आत धातू कोणता?"

"सगळं अ‍ॅल्युमिनियमच," धाकटा म्हणाला.

आत तांबं होतं. यंत्राच्या काळजावर बसतो तो ठोकळा अख्खा तांब्याचा. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आली की अ‍ॅल्युमिनियम सडत जातं, हे दोन्ही धातू हाताळणाऱ्या कोणालाही कळतं. धाकट्याला तर पक्कं ठाऊक होतं, गिऱ्हाइकांना तो हेच समजावताना ताईने दहा वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी ती मागे उभी होती. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"तांब्याची करायला सांग ना," रात्रीच्या जेवणानंतर ती म्हणाली.

"तांब्यावर त्यांचा हात नाही. बिघडवतील आणि मलाच शिव्या देतील," धाकटा म्हणाला. "करू दे त्यांना. त्यांना काम मिळालं, मला शोभेची टाकी मिळाली. पाणी मागच्या बाजूने फिरवतो, विकतच्या टाकीतून. कोणाला कळतंय?"

"त्यांना कळेल."

"का? तू सांगणार आहेस?" तो हसला. त्याच्या टेबलामागच्या फळीवर तो सपाट पत्रा अजून उभा होता. "एवढंच कर ताई, त्या मागच्या नळीवर तुझ्या तारा जरा दाट बसव."

बाबांनी टाकीला दोन महिने घेतले. पत्रा वाकवताना दुसरं टोक धरायला ताईला बोलवत. "सरळ धर. माणूस आहेस की खुंटी?" असं चालायचं, पण आवाजात जीव आला होता. जेवायला हाक मारली तरी येत नव्हते. टाकी झाली तेव्हा तिच्या तोंडाला सायकलचा पंप लावून हवा भरली, बादलीत बुडवली, आणि दोघं बादलीवर वाकून बसली. एक बुडबुडा आला नाही. बाबा पाण्यात हात घालून टाकीवरून फिरवत राहिले. "राहील हिच्यात पाणी," म्हणाले आणि हसले. सांगायचं तर ताईने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण हे हसू तिने आईच्या माघारी पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्या हाताने पुसायचं तिच्याने होईना. अळीमिळी गुपचिळी.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून आले. यंत्र काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवलेलं. मधोमध त्यांची टाकी चांदीसारखी चमकत होती. तिच्यातून दोन धातूच्या नळ्या निघून मागे जात होत्या, आणि त्यांच्या खाली ताईच्या काळ्या तारांचा पडदा. धाकट्याने काच सरकवून दिली. बाबांनी टाकीवर तळवा ठेवला. मागच्या पंपाची थरथर पत्र्यातून येत होती. बाबा तसेच उभे राहिले. मग त्यांची नजर वर गेली, पारदर्शक झाकणाखालच्या त्या लालसर ठोकळ्यावर. बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. खाली वाकून तारा पाहू लागले.

"या तू केल्यास?"

"हो बाबा."

"एकही वाकडी नाही." त्यांनी बोटाने तारा न हलवता नुसत्या मोजल्यासारख्या केल्या. "हे हाताचं काम आहे."

अडतीस वर्षांत पहिल्यांदा. ताईचे डोळे भरून आले.

"एवढ्या दाट कशाला पण?" बाबांनी विचारलं.

"शोभेला," ताई म्हणाली.

बाबांनी मान डोलावली आणि बाकावर जाऊन बसले. ताईला वाटलं, आपण सुटलो. डोळे अधू झालेत, ठोकळा काही दिसला नसणार. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कारणांची वाण पडत नाही.

प्रदर्शनातच एका कंपनीच्या बाईंनी चार यंत्रं सांगितली. हुबेहूब अशीच हवीत, आणि टाकी याच हातची. धाकटा त्या दिवशी बाबांच्या पाया पडला. बाबांनी विचारलं, "आत सगळं हेच ना?"

"हेच बाबा. अ‍ॅल्युमिनियम."

बाबांनी ताईकडे पाहिलं. ताईने मूग गिळले.

पुढचे चार महिने शेडमधून ठोके ऐकू येत राहिले. एक फरक होता. पत्र्याचं दुसरं टोक धरायला बाबा आता ताईला बोलवत नव्हते, शिकंज्यात आवळून धरत होते. ती चहा घेऊन गेली की विचारत, "काही म्हणायचंय?" ती म्हणे, "नाही, चहा." दर वेळी तेच. "काही म्हणायचंय?" "नाही, चहा." तिला वाटायचं, म्हातारपणी माणूस तेच तेच बोलतो. बादली कोपऱ्यात कोरडी पडली होती, तिच्यात कोळ्याने जाळं धरलं होतं. तेही तिने पाहिलं. हात इतका बसलाय की तपासायची गरज उरली नसेल, असं तिने ठरवून टाकलं.

चारही टाक्या बाबांनी एका सकाळी पुढच्या खोलीत आणून ओळीने मांडल्या आणि परत गेले. पहिलीपेक्षा सरस होत्या. धाकट्याने एकीला नळी बसवायला घेतली. आटे सुरेख पाडलेले, नळी फिरत फिरत आत गेली आणि अर्ध्या बोटावर अडली. त्याने काढून बॅटरी मारून पाहिलं. आटे होते, पण पुढे भोक नव्हतं. तळाशी अखंड पत्रा. दुसरी पाहिली, तिसरी, चौथी. आठही तोंडं बंद.

धाकट्याने बॅटरी खाली ठेवली. मग खो खो हसत सुटला. "म्हातारा पक्का! कळलंय त्याला. चला, बरंच झालं, आत कचरा तरी जाणार नाही."

ताई धावत शेडमध्ये गेली. बाबा ऐरण पुसत होते.

"बाबा, ती भोकं..."

"पाणी जायचं नाही तिथे भोक पाडून काय करू?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"तांबं मला दिसत नाही, असं वाटलं तुला?" बाबांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "काचेच्या पेटीपाशीच कळलं. मग तारांमागची नळीही दिसली."

"मी सांगणार होते, बाबा. खरंच सांगणार होते."

"चार महिने विचारत होतो. रोज दोनदा."

ताईला हुंदका आवरेना. "त्याने मला करायला लावलं. मी काय करणार होते?"

"त्याचं सोड. त्याची पेटी मी मोडली होती, त्याने माझी टाकी मोडली. फिटलं आमचं." बाबांनी ऐरणीवर फडकं टाकलं, जसं मेलेल्याच्या तोंडावर टाकतात. "आणि तो तोंडाने फसवतो. तोंड काय, कोणीही उघडतं. तू हाताने फसवलंस. एकही तार वाकडी नाही."

ताई उभी राहिली, तर त्यांनी तिच्या शेजारून हात घालून शेडचा दिवा मालवला आणि बाहेर निघून गेले. ती अंधारात तेलाच्या वासात उभी होती. बाबांनी तिच्या हातांना एकदा चांगलं म्हटलं होतं आणि आता तेच परत घेतलं होतं, शब्द न बदलता.

"ताई!" पुढच्या खोलीतून धाकट्याने हाक मारली. "चार यंत्रांच्या तारा लागतील. शनिवारपर्यंत हव्यात. आणि हो, तशाच दाट."

तिने डोळे पुसले, हात धुतले, पुढच्या खोलीत जाऊन दिव्याखाली बसली. पहिली तार उचलली, नळी चढवली, टोक आवळलं. मग दुसरी घेतली. शनिवारी चारही पडदे तयार होते, आणि त्यांत एकही तार वाकडी नव्हती.