माझे सत्त्याऐंशीवे पान

मी एक जुनी कादंबरी आहे, आणि मनात डूख धरणारी आहे. हे आधीच सांगून टाकते मित्रांनो, म्हणजे एवढे वय झाले तरी स्वभाव असा कसा, असे नंतर कुणी म्हणायला नको. जुन्या खुर्च्या, फाटक्या छत्र्या तुम्हाला आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मी कुणालाही क्षमा केलेली नाही.

कंपालातल्या एका लहानशा छापखान्यात माझा जन्म झाला. नामुद्दु नावाच्या बाईंनी मला लिहिले. माझ्यात एका मुलीची गोष्ट आहे. ती आपले लंगडे वासरू होडीत घालते आणि एकटीच सरोवर ओलांडून आजीकडे निघते. आम्ही तीनशे बहिणी होतो. मी एका खोक्यात बसून मसाकाजवळच्या टेकडीवरच्या शाळेत आले, बाकीच्यांचे काय झाले ते मला फार उशिरा कळले.

त्या शाळेत वाचनालय म्हणजे पत्र्याची एक मोठी पेटी. पेटीतल्या प्रत्येक पुस्तकाला सिमेंटच्या गोणीच्या कागदाचे कव्हर घालत. त्यामुळे आम्ही सगळी दिसायला सारखीच, तपकिरी आणि खरखरीत. कुणी देखणे नाही, कुणी कुरूप नाही. जे मूल पुस्तक वाचून संपवी, त्याने कव्हरवर आपले नाव लिहायचे आणि एक ओळ लिहायची, दुसऱ्या मुलांसाठी. ‘वाच, पण जेवण करून बस, नाहीतर जेवण राहील.’ ‘वासरू आवडत नसेल तरी वाच.’ मुले पेटीत वाकून त्या ओळी वाचत आणि त्यावरून पुस्तक निवडत. त्या कव्हरवर माझी इज्जत होती.

दर शुक्रवारी फणसाच्या झाडाखाली सभा भरे. एकेक मूल उठून आपल्या आवडत्या कादंबरीबद्दल सांगे. शेवट सांगायचा नाही, हा एकच कडक नियम. कुणी शेवटाच्या जवळ जरी गेले तरी पोरे ओरडत, “बसवा! बसवा त्याला!” आणि चांगले बोलले की मादाम नान्योंजो म्हणत, “द्या तिला फुलं!” मग शंभर हात वर होत आणि हाताची बोटे तिच्या दिशेने थरथरत राहत. खरी फुले कुणी आणीत नसे. माझ्यामुळे कितीतरी मुलांना अशी फुले मिळाली. त्या दिवसांत माझी तीन कव्हरे भरली.

मग सेबुलिबा आला.

सेबुलिबा सातवीत होता. पेटीची किल्ली त्याच्याकडे आली, कारण शाळेत त्याच्यासारखा टापटीप मुलगा दुसरा नव्हता. कॉलर कडक, मोजे गुडघ्यापर्यंत, आणि बूट असे चकचकीत की पोरे म्हणत, “सेबुलिबा, जरा पाय पुढे कर, मला भांग पाडायचाय.” तो हसत नसे. तो पुस्तकेही वाचत नसे. तो फक्त ती सरळ रचून ठेवी.

एका सोमवारी सकाळी रांगेत बुटांची तपासणी होती. रस्त्यावरच्या लाल मातीने त्याचे बूट माखले होते. खिशात पॉलिशची डबी होती, पण फडके घरी राहिले होते. त्याने पेटी उघडली. मी वरच होते. त्याने मला मधोमध उघडले आणि टरकन एक पान ओढले. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी, पाठपोट. त्या पानाने त्याने बूट पुसले. एवढ्याने भागेना, म्हणून दुसरे पान ओढायला पुन्हा माझ्यावर हात ठेवला, तेवढ्यात घंटा झाली आणि तो पळाला. त्याचा काळा अंगठा माझ्या शहाऐंशीव्या पानावर तसाच उमटून राहिला.

त्या तपासणीत त्याला पहिला नंबर मिळाला. मी पेटीत पडून ते ऐकले आणि ठरवले, हा अंगठा जपून ठेवायचा. माझ्या हातात दुसरे काय होते?

त्याने कोणते पान नेले होते, तर माझे काळीजच. शहाऐंशीव्या पानावर ती मुलगी सरोवराच्या मध्यावर आहे, वारा सुटला आहे, वासरू हंबरते आहे. एकोणनव्वदाव्या पानावर ती काठावर बसली आहे, अंगावरचे कपडे ओले, आणि दोनपैकी एकच वल्हे उरले आहे. मधे काय झाले? मुले तिथे येऊन अडत. पान उलटत, परत मागे येत, शिवाय मलाच दोष देत. “ही खोटारडी आहे,” असे एकाने म्हटलेले मी ऐकले. मी आणि खोटारडी! हळूहळू मला कुणी नेईनासे झाले. माझ्या नव्या कव्हरवर एकही नाव चढले नाही.

कोऱ्या कव्हराचा अर्थ आमच्या पेटीत सगळ्यांना ठाऊक होता. सत्र संपताना ज्या पुस्तकाच्या कव्हरवर नवे नाव नसे, ते फाटकावर भाजलेले शेंगदाणे विकणाऱ्या नालुबेगाकडे जाई, पुड्या बांधायला. माझ्या शेजारची एक जाडजूड शिकारकथा अशीच गेली. दुसऱ्या दिवशी तिचे सोळावे प्रकरण खेळाच्या मैदानावर वाऱ्याने फिरत होते, तेलाचे डाग पडलेले. सत्र संपायला तीन आठवडे उरले होते.

अशा वेळी मला नांतोंगोने उचलले. पाचवीतली, बारीक आवाजाची, शुक्रवारी कधी न बोललेली मुलगी. तीही शहाऐंशीव्या पानापाशी अडली. पण तिने मला परत पेटीत टाकले नाही. ती दोन दिवस विचार करत राहिली. मग तिने वहीचा एक कागद घेतला, ते हरवलेले पान स्वतः लिहून काढले आणि फणसाच्या चिकाने माझ्या शिवणीत चिकटवले. चीक जरा जास्तच लागला. तेव्हापासून मला कुठूनही उघडा, मी तिथेच उघडते.

तिच्या पानात ती मुलगी वादळात उभी राहते आणि सरोवराला आपले नाव सांगते. मग वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे, आपल्या कुळाचे. नवख्या घरी गेले की आमच्याकडे मोठी माणसे दारात उभी राहून सांगतात, तसे. पाचव्या पूर्वजाच्या नावाला वारा पडतो. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. ते माझे नव्हते, पण माझ्या अंगाला बसले.

त्या शुक्रवारी नांतोंगो उठली आणि माझ्याबद्दल बोलली. सत्त्याऐंशीव्या पानावर वादळ कसे ऐकते, ते सांगितले. पान आपण लिहिले आहे, हे मात्र लाजेने सांगितले नाही. मग मादाम काही म्हणायच्या आतच हात वर झाले. माझ्या नशिबाने कव्हरवर नांतोंगोचे नाव चढले. मी पुड्या होण्यापासून वाचले. त्या गर्दीत सेबुलिबा हाताची घडी घालून उभा होता, आणि त्याची स्मरणशक्ती फार तल्लख होती.

पुढच्याच बुधवारी मसाका शहरात वाचनमेळावा होता. प्रत्येक शाळेतून एका मुलाने एक कादंबरी घेऊन जायचे आणि तिची शिफारस करायची. जिंकणाऱ्या शाळेला कपाटभर नवी पुस्तके मिळणार होती. मादाम नान्योंजो नांतोंगोचे नाव लिहीत होत्या, तर सेबुलिबा पुढे आला.

“मादाम, पाचवीची पोर आहे ती. एवढ्या लोकांसमोर रडायला लागली तर शाळेची शोभा होईल. मी जातो. मला सगळं पाठ आहे.”

“तू वाचलंयस पुस्तक?”

“किल्ली माझ्याकडेच असते, मादाम.”

या उत्तरात होकार कुठे आहे, ते पाहायला मादामना वेळ नव्हता. नांतोंगोला मेळाव्याला नेले, पण पाण्याचा पिवळा जेरीकॅन धरून बसायला. ती रडली नाही. लॉरीत ती माझ्याकडे एकसारखी बघत होती. मी सेबुलिबाच्या काखेत होते. त्याने मला वाटेत एकदाही उघडले नाही. उघडले असते तर वाचला असता.

तो बोलला मात्र उत्तम, हे कबूल करते. नांतोंगोचा शब्द न् शब्द, आणि वर हातवारे. सगळ्या मैदानाने त्याला फुले दिली. मी आतल्या आत जळत होते. तेवढ्यात पाहुण्यांच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत उठली. तिचे नाव पुकारले होते तेव्हाच माझे अंग शहारले होते. ती नामुद्दु होती. मला लिहिणारी.

“छान बोललास रे,” ती म्हणाली. “ते सरोवराला नावं सांगायचं, कितव्या पानावर आहे म्हणालास?”

“सत्त्याऐंशी, जाजा.” म्हाताऱ्या माणसांना सगळेच तिथे जाजा म्हणतात.

“वाच बघू. मी असं काही लिहिल्याचं मला आठवत नाही.”

लोक हसले. सेबुलिबाही हसला आणि त्याने मला उघडले. शोधावे लागले नाही. मी आपण होऊन तिथे उघडले, इतक्या आनंदाने मी कधीच कुणासाठी उघडले नव्हते. बोलण्याच्या भरात त्याने पानाच्या वरच्या ओळी खणखणीत आवाजात वाचल्या.

“‘हे पान पुस्तकाचं नाही. खरं पान कुणीतरी फाडून नेलं, म्हणून हे मी लिहिलं. पुस्तकाला दोष देऊ नका. ज्यानं फाडलं त्याचा अंगठा शेजारच्या पानावर आहे. नांतोंगो, इयत्ता...’”

पाचवी हा शब्द यायच्या आत त्याने मला मिटायला घेतले.

नामुद्दुने हात पुढे करून मला घेतले. शहाऐंशीव्या पानावरचा काळा अंगठा तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, हुंगला आणि म्हणाली, “बुटाचं पॉलिश.” मागून आमच्याच शाळेतल्या कुणीतरी आवाज दिला, “सेबुलिबा, बूट कशानं पुसतोस रे?” मैदानातल्या सगळ्या माना त्याच्या पायांकडे वळल्या. बूट उन्हात चमकत होते. मित्रांनो, सूड इतका गोड लागतो हे मला माहीत नव्हते.

“एकच पान होतं, जाजा,” तो पुटपुटला.

“एकच होतं,” ती म्हणाली. “खरंय.”

मग तिने नांतोंगोला पुढे बोलावले. नांतोंगो जेरीकॅनसकट आली आणि गुडघे टेकून बसली.

“सरोवराला नावं का सांगितली गं तिनं?”

“ते तिला नवखं होतं, जाजा. आपण कुणाची कोण ते सांगितल्याशिवाय आत कसं जायचं?”

म्हातारीने काठी बगलेत धरली, दोन्ही हात वर केले आणि बोटे हलवली. मग मैदानभर बोटे हलली. कपाट दुसऱ्या शाळेला मिळाले. त्याबद्दल मला वाईट वाटले, पण फार नाही.

इथे माझा सूड पुरा झाला असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण मादामनी सेबुलिबाला शिक्षा दिली ती अशी की सोमवारपर्यंत मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. त्याने मला घरी नेले. रागारागाने तीन पाने वाचली. चौथ्या पानापासून त्याचा राग मला जाणवेना. विसाव्या पानावर त्याच्या आईने मटोके, म्हणजे उकडलेली केळी, वाढून हाक मारली, ती त्याने ऐकली नाही. शहाऐंशीव्या पानावर तो थांबला. नांतोंगोचे पान त्याने वाचले. मग चिकटवलेल्या कडेवरून हळूच बोट फिरवले, तिथे फाटलेल्या कागदाची दातेरी किनार अजून होती. “पण खरं काय होतं?” तो म्हणाला. तिथे ऐकायला मी सोडून कुणी नव्हते.

त्याने नामुद्दुला पत्र लिहिले. दुसऱ्या प्रतीतून ते पान उतरवून पाठवा, एवढीच विनंती. तिचे उत्तर माझ्या पोटात अजून आहे. ‘बाळा, बाकीच्या सगळ्या प्रती गोदामात वाळवीने खाल्ल्या. हीच शेवटची असेल. मी आठवून पाहिले, पण सकाळी चष्मा कुठे ठेवला तेही आता मला आठवत नाही. नांतोंगोचे पान चांगले आहे. तेच राहू दे.’

त्या सोमवारी त्याने माझ्या कव्हरवर नांतोंगोच्या नावाखाली आपले नाव लिहिले, आणि ओळ लिहिली: ‘हिचे एक पान मी फाडले. तुम्ही ही वाचा म्हणजे मी काय केले ते तुम्हाला कळेल.’ आजवर माझ्यासाठी इतकी चांगली शिफारस कुणी केलेली नाही. ती वाचून मुलांनी मला रांगा लावून नेले.

याला आता बरीच वर्षे झाली. नामुद्दु गेली. नांतोंगो कंपालाला असते, स्वतः लिहिते म्हणे. सेबुलिबा त्याच शाळेत शिक्षक आहे आणि पेटीची किल्ली पुन्हा त्याच्याकडे आली आहे. मला कुणाच्या हातात देण्याआधी तो विचारतो, “हात धुतलेस?” सुटीत तो गावोगाव जुनी पुस्तके धुंडाळतो, माझी एखादी बहीण वाळवीतून वाचली असेल या आशेने. रिकाम्या हाताने परत येतो. मग मला शहाऐंशीव्या पानावर उघडतो आणि त्या लहानशा काळ्या ठशावर आपला अंगठा ठेवतो. आता तो ठशात मावत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी पुस्तक असेल तर त्याच्या पानांनी काही पुसू नका, काही बांधू नका. आमच्यासारख्यांना हातपाय नाहीत, पण स्मरण आहे. ते पान मला आजही पाठ आहे. सरोवराच्या मध्यावर, वारा सुटल्यावर, त्या मुलीने काय केले आणि दुसरे वल्हे कुठे गेले, हे या जगात आता फक्त मला माहीत आहे.

कधी कधी त्याचे केस पिकलेले पाहून वाटते, सांगून टाकावे. मग मी त्याचे बूट पाहते. अजून तसेच चकचकीत असतात. मी गप्प बसते.