मोतीरामदादाची गाठ

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढल्या वर्षी माझा थोरला भाऊ मोतीराम मरायला निघाला. झालं काय, तर कावीळ. ती बरी झाली, पण महिनाभर पेजेवर राहून दादाची ढेरी उतरली. अंघोळ करताना, दोन्हीकडच्या बरगड्या मिळतात तिथं, त्याच्या बोटाला काहीतरी टोकदार, कडक लागलं. ‘गाठ आहे गं बायजी, मी आता जातो!’ म्हणून त्यानं गळाच काढला. वहिनीनंही लगेच साथ धरली.

त्यानं परत अंथरूण धरलं, तेव्हा मी उशाशी बसले होते. पदराआड हळूच स्वतःच्या छातीखाली बोट लावलं. मलाही तीच गाठ, अगदी तिथंच! मी गप्प बसले.

का, ते ऐका. माझा नवरा नारू तापानं गेला तेव्हा दादा म्हणाला होता, ‘बाईमाणसाला होडी काय करायची? मी सांभाळतो.’ सहा वर्षं सांभाळली मेल्यानं! माझ्याच नवऱ्याच्या होडीतले बोंबील मी त्याच्या अंगणात रोजानं सुकवत होते.

आता मरण दिसल्यावर त्याला देव आठवला. आमच्या वाढवण गावातली चार जाणती माणसं बोलावून कण्हत म्हणाला, ‘बायजीची होडी बायजीला. हे ओझं वर नाही न्यायचं.’ मी डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी माझा जावई रामू होडी घेऊन दर्यात गेलासुद्धा.

आठवड्यानं दादाला बैलगाडीत घालून डहाणूला नेलं. डॉक्टरांनी दाबून बघितलं अन् हसायलाच लागले.

‘अहो, हे छातीचं हाड! वरचा भाग रुंद, त्याला गळ्याजवळची हाडं टेकतात. मध्ये लांब पट्टी, तिला बरगड्या जोडलेल्या. अन् खाली हे टोक. तरुणपणी मऊ असतं, चाळिशीनंतर कडक होत जातं. सगळ्यांना असतं. काळजापुढची ढाल आहे ती.’

काळजापुढची! दादाच्या ढालीला एवढी वर्षं काय काम होतं, देव जाणे.

परतताना दादा गाडीत ताठ बसला. ‘होडीचं ते आजारपणात बोललो. सोडून दे.’

‘चार माणसांनी ऐकलंय, दादा.’

तो एकदम माझ्याकडे वळला. ‘सगळ्यांना असतं, म्हणजे तुलाही. तुला ठाऊक होतं?’

‘पहिल्या दिवसापासून.’

‘अन् बोलली नाहीस? सख्ख्या भावाला आठ दिवस मरणाच्या भीतीत ठेवलंस?’

‘होडी माझी आहे, हे तुलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं,’ मी म्हटलं. ‘मी आठ दिवस गप्प बसले. तू सहा वर्षं.’