रिकामी खाट उठली तेव्हा

मी एक जुनी खाट आहे, मित्रांनो. पण साधीसुधी नव्हे, विजेवर चालणारी. आजारी माणसाची पाठ उचलायची, पाय वर घ्यायचे, सगळं मी बटण दाबताच करते. सध्या चेन्नईत, पेरंबूरला, वसंतरावांच्या हॉलमध्ये माझा मुक्काम आहे.

माझा जन्म चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझी चांगली परीक्षा घेतली, बरं का! जवळ मोबाइल आणले, वायरलेस आणले, शेजारी मोटर फिरवली. विजेच्या यंत्रांतून न दिसणारे तरंग निघतात. ते माझ्या वायरींत शिरले तर मला खोटा हुकूम मिळतो. म्हणून माझ्या कंट्रोलला धातूची पेटी होती, आणि नको तो करंट जमिनीत सोडायला प्लगला जाड तिसरी पिन होती. मी जागची हलले नाही. तपासनीस म्हणाले, "गुणाची आहे." पुढे कितीतरी वर्षं मी इस्पितळात इमानाने काम केलं. मग रंग उडाला, नव्या खाटा आल्या, आणि मी जॉर्ज टाउनमधल्या एका दुकानात धूळ खात पडले.

तिथून अमोघने मला वडिलांसाठी भाड्याने आणलं. वसंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. कमरेत फार वाकायचं नाही, नाहीतर नवा सांधा निखळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

हॉलमधला एक्स्टेंशन बोर्ड होता दोन पिनांचा. तर या अमोघने माझा प्लग सरळ कापला आणि दोन पिनांचा बसवला! नको तो करंट जमिनीत सोडायची माझी वाटच बंद झाली. त्यात सूनबाईंनी, यामिनीने, मिक्सी त्याच बोर्डावर माझ्या उशाशी आणून ठेवली. वाईट हेतूने नव्हे हो. चटणी वाटताना अप्पांकडे, म्हणजे वसंतरावांकडे, लक्ष राहावं, त्यांना एकटं वाटू नये, म्हणून.

एका सकाळी मिक्सी घरघरली आणि माझी पाठ आपोआप वर जाऊ लागली. मी थांबायची फार धडपड केली, पण हुकूम येतच राहिला. वसंतराव कळवळले. "अगं, थांबव हिला! मी काही दाबलं नाही!" यामिनीची आमच्याकडे पाठ होती; त्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. ती वळली तेव्हा अप्पा ताठ बसलेले आणि रिमोट त्यांच्या हाताशी.

पुन्हा एकदा तसंच झालं. सांधा थोडक्यात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. अमोघने रिमोट भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. मिक्सी काही दर वेळी मला उठवत नसे. नेमकी त्यानंतर काही दिवस मी हलले नाही. झालं! अप्पांचं डोकं ठिकाणावर नाही, असं घरात ठरून गेलं.

"अरे, ते खोटं बोलणारे नाहीत," त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"खोटं कुठे म्हणतोय, आई? ते दाबतात आणि विसरतात. दिवसभर आम्ही कामावर, तू एकटी किती बघणार? त्यांना केअर होममध्येच ठेवायला हवं."

वसंतराव मग बोलेनासेच झाले. मला तोंड असतं तर मी ओरडून सगळं सांगितलं असतं, मित्रांनो. फार वाईट वाटलं मला.

निघायच्या दिवशी त्यांना उंच खुर्चीत बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, शेजारी कपड्यांची पिशवी. डब्यात इडलीबरोबर द्यायला यामिनी डोळे पुसत खोबऱ्याची चटणी वाटायला उभी राहिली. मिक्सी सुरू झाली.

आणि मी उठले. अंगावर कुणी नाही, रिमोट खिळ्याला, आणि माझी पाठ हळूहळू वर!

"अय्यो! अमोघ, बघ रे!" रत्नप्रभाबाई ओरडल्या. "आता कोण दाबतंय?"

यामिनीने घाबरून मिक्सी बंद केली. मी थांबले. तिने पुन्हा चालू केली. मी पुन्हा सरकले.

 वसंतराव म्हणाले, "मी सांगत होतो."

अमोघने खिळ्यावरचा रिमोट काढून त्यांच्या हातात दिला आणि तो त्यांच्या पायाशी बसला. "चुकलो, अप्पा."

"पिशवी आत ठेव," वसंतराव म्हणाले. मग म्हणाले, "आणि ती चटणी आणा इकडे."

आता मिक्सी स्वयंपाकघरात परत गेली आहे. मला तीन पिनांचा प्लग मिळाला आहे, आणि तो लावायला अर्थिंग असलेला वेगळा पॉइंटही. मित्रांनो, माझ्यासारख्या खाटेची तिसरी पिन कधी काढू नका. मोटरचं यंत्र तिच्या उशाशी आणू नका. आणि खाट आपोआप हलली असं आजारी माणूस म्हणाला, तर आधी वायर तपासा. मला बोलता येत नाही. वसंतरावांना येत होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होते.