पाठमोरा फोटो

बाप आपल्या मुलाला गर्दीत, अंधारात, नुसत्या पाठीवरूनही ओळखतो असं आपल्याकडे मानतात. हे ज्यांनी पहिल्यांदा मानलं, त्यांची मुलं बहुधा घरीच राहत असावीत.

यतीन सबनीस शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो आणि त्याचा मुलगा शिव सिडनीला. चार वर्षांपूर्वी सगळं कुटुंब सिडनीत असताना यतीनला शिकागोची नोकरी आली, तेव्हा पंधरा वर्षांचा शिव सिडनीच्या पेलिकन्स क्लबच्या ज्युनियर संघात रग्बी लीग खेळत होता. रग्बी लीग म्हणजे तेरा विरुद्ध तेरा माणसांनी हेल्मेटशिवाय एकमेकांवर आदळायचा खेळ. निमित्ताला एक चेंडू असतो. त्याची बायको वीणा म्हणाली, पोराची शाळा आणि खेळ तोडून मी येणार नाही. यतीन म्हणाला, ठीक आहे. पुढे घटस्फोटही दोघांनी असाच अतिशय समंजसपणे घेतला. फक्त विमानतळावर निरोप घेताना यतीन शिवला म्हणाला, "आपल्या लोकांची हाडं या खेळाची नसतात रे." त्याच्या मते ही काळजी होती. शिवला त्यात काळजी कुठे दिसली नाही. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं आधी वाढदिवसाच्या फोनवर आलं, मग वाढदिवसाच्या मेसेजवर, आणि शेवटी उभ्या अंगठ्याच्या चित्रावर.

आता, मुलाची खबर मुलाला किंवा त्याच्या आईला विचारता येते. पण आधीच्या बायकोला फोन करून 'शिव कसा आहे' विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं. यतीनला ते जमण्यासारखं नव्हतं. त्याऐवजी त्याने काही हजार अनोळखी लोकांना विचारायला सुरुवात केली. पेलिकन्सच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. कुठला खेळाडू क्लब सोडणार, कोणाचं कोचशी वाजलंय, कोणाचं वजन वाढलंय, ही चर्चा तिथे चोवीस तास चालते आणि माहिती नसल्यामुळे ती कधी अडल्याचं ऐकिवात नाही. राखीव संघातल्या पोरांबद्दल तिथे महिन्यातून एखादी ओळ येई. त्या ओळीसाठी यतीन बाकी सगळं वाचायचा.

याच फोरमवर गेल्या वसंतात कोणीतरी क्लबचा 'आतला' स्ट्रेंथ प्रोग्रॅम, म्हणजे वजनं उचलायचं वेळापत्रक, टाकला. यतीनने वजनांचा रॅक मागवला आणि बेसमेंटमध्ये, मंडळाच्या गणपतीच्या मखराला लागून, बसवला. शिव सिडनीत जे उचलत असेल तेच आपण इथे उचलायचं, वजन निम्मं का असेना. कधीतरी भेट होईल तेव्हा बोलायला विषय असेल, एवढाच त्याचा हिशेब. बार अंगावर पडू नये म्हणून मागे उभा राहायला शेजारचा प्रसाद यायचा. प्रसाद मूळचा नागपूरचा.

"काय बे, हे वय आहे का?" प्रसाद म्हणायचा. "मान मोडली तर मी वहिनींना काय सांगू?"

"वहिनी आता कुठे आहेत?"

"तेच तर. सांगायला पण कोणी नाही."

पण ताकद आली, हे खरं. ऑगस्टमध्ये प्रसादच्या मुलीला, अदितीला, कॉलेजात सोडायला दोघं गाडी भरून मिशिगनला गेले. तिच्या हॉस्टेलची लिफ्ट बंद होती. यतीनने तिचा छोटा फ्रिज उचलला आणि एकट्याने तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवला. इतर आईबाप बाजूला झाले. अदिती म्हणाली, "वॉव, यतीनकाका." परतीच्या वाटेवर यतीन म्हणाला, "मुलांचं सामान चढवायला मजा येते, नाही?" प्रसादने रेडिओ लावला.

नोव्हेंबरात क्लबने सरावाचे फोटो टाकले. त्यातल्या एकात एक मुलगा खांद्यांवर बार घेऊन स्क्वॉटमध्ये बसला होता, पाठमोरा. सावळी, रुंद, घामाने चमकणारी पाठ. कोणीतरी विचारलं, हा सबनीस पोरगा का? भलताच भरलाय. खाली वाद पेटला. यतीनने फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि चार वर्षांत प्रथमच खात्रीने काहीतरी लिहिलं: हो. हा शिवच. मी ओळखतो.

फोटो त्याच्या फोनच्या पडद्यावर गेला. ऑफिसात कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "माय सन." लोक पाठीकडे बघून आदराने मान हलवत.

ऑस्ट्रेलियातल्या या लीगचे हंगामातले पहिले काही सामने लास वेगासला होतात. या वेळी पेलिकन्स येणार होते. यतीनने फोरमवर सहज म्हणून टाकलं: वेगासच्या संघात शिव सबनीसला घेतील का? इथे अमेरिकेत तशी थोडी चर्चा आहे. ही चर्चा त्याच्या बेसमेंटमध्ये झाली होती आणि तीत प्रसादने "घ्यायला पाहिजे" इतकंच योगदान दिलं होतं.

आठवडाभरात ती ओळ एका चाहत्याच्या पॉडकास्टवर 'आमच्या अमेरिकन सूत्रांकडून' या नावाने आली. मग कोणाच्या तरी मेहुण्याने शिवला पासपोर्टच्या रांगेत पाहिलं. मग जर्सीचा नंबर ठरला. यतीनने हे सगळं वाचलं आणि बेसमेंटमधून वर येऊन प्रसादला फोन केला.

"शिव येतोय. पक्कं आहे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणताहेत."

"यार, सुरुवात तूच केली होतीस ना?"

"मी नुसतं विचारलं होतं. हे लोक सांगताहेत."

प्रसाद वाद घालण्यात पटाईत आहे. त्या दिवशी त्याने घातला नाही. उलट तोही निघाला. "कॅसिनोसाठी," असं त्याने घरी सांगितलं, कारण मित्राच्या मुलासाठी चाललोय म्हटलं असतं तर अजून प्रश्न आले असते.

सामन्याच्या आदल्या दुपारी चाहत्यांना खेळाडू भेटणार होते. यतीन शिवच्या नंबराची जर्सी घालून आला होता. बाह्या दंडात जरा घट्ट बसतील अशीच त्याने मागवली होती. पोटावरही ती तशीच बसली. खेळाडू टेबलांमागे बसून सह्या करत होते. यतीनने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे चेहरे पाहिले, आणि परत पाहिले.

"आतमध्ये असेल," प्रसाद म्हणाला. "ज्युनियर पोरं पाणीबिणी आणायला जातात."

टेबलांच्या शेवटी क्लबचा स्ट्रेंथ कोच उभा होता. मिक नावाचा, कान चुरगळलेला माणूस. यतीनने जाऊन सांगितलं, मी शिव सबनीसचा बाप.

मिकचा चेहरा उजळला. "शिव! चांगला मुलगा. कसा आहे?"

हा प्रश्न यतीन विचारणार होता. त्याने उत्तर म्हणून फोन पुढे केला.

"हा सिओने," मिक म्हणाला. "तो बघ, तिकडे." तिसऱ्या टेबलामागे फोटोतल्यासारखेच रुंद खांदे असलेला टोंगाचा मुलगा सह्या करत होता. त्याच्या खुर्चीमागे तेवढ्याच रुंदीचा एक माणूस मुलाची पाण्याची बाटली धरून उभा होता. "आणि ते त्याचे वडील. सगळीकडे येतात. आम्हाला वैताग आहे."

"शिव?"

"तो गेल्या जुलैत क्लब सोडून गेला ना. दुसऱ्या ऑपरेशननंतर." मिकने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवला. "वजन वाढवायला आम्हीच मागे लागलो होतो, खोटं कशाला बोलू. त्याचे सांधे तेवढे भक्कम नव्हते. नशिबाची गोष्ट." मग विषय हलका करावा म्हणून तो यतीनच्या दंडाकडे पाहून म्हणाला, "तुम्ही उचलता वाटतं?"

"तुमचाच प्रोग्रॅम."

"कुठला? फोरमवरचा? तो आमचा नाही. कोणी पोराने बनवलाय. जपून करा." आणि जाता जाता, "शिव तर आता इकडेच आहे ना? मिशिगन की कुठे?"

प्रसादने यतीनला एका खांबाशी नेलं आणि पाणी आणायला गेला. सिडनीत सकाळ होती. यतीनने वीणाचा नंबर लावला. तो त्याच्या फोनमध्ये अजून 'घर' या नावाने होता.

"यतीन? काय झालं?"

"शिव कसा आहे?"

वीणा म्हणाली, "बरा आहे. थंडीला कंटाळलाय. आज काही विशेष?"

"त्याच्या खांद्याचं मला कोणी बोललं नाही."

"नाही."

"तो इथे आलाय, तेही नाही."

"मी सांगणार होते. तो म्हणाला, बाबाला तू सांगू नकोस. बाबा विचारेल तेव्हा मी सांगतो. मग ऑगस्टात तो तिकडे कॉलेजला गेला. दिवाळी गेली. मला वाटलं, तुला कळलं असेल आणि तुला नसेल यायचं. त्यालाही तसंच वाटलं."

"मी रोज विचारत होतो गं."

"कुणाला?"

त्याने विचारलं, "मी जाऊ का त्याच्याकडे?"

"आता मला नको विचारूस. त्याला विचार. ॲन आर्बरला असतो. नंबर पाठवते."

नंबर आला. यतीनने तो सेव्ह केला आणि लावला नाही. काय विचारायचं ते ठरवून लावू, असं तो प्रसादला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पेलिकन्स हरले. सिओनेने एकदा चेंडू रेषेपार टेकवला, तेव्हा त्याचा बाप पुढच्या रांगेत उभा राहून रडला. यतीनने सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मध्यंतरात त्याने फोरमवर लिहिलं: शिव सबनीस संघात नाही. तो जुलैतच क्लब सोडून गेला. फोटोतली पाठ त्याची नव्हती, चूक माझी. पाच मिनिटांत उत्तरं आली. तुला कोणी सांगितलं? शिव ड्रेसिंग रूममध्ये आहे, त्याला शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवलंय. आमची सूत्रं अमेरिकेत आहेत.

यतीन शेवटची वीस मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसला.

परतीच्या विमानात प्रसाद खिडकीकडे तोंड करून झोपल्यासारखा बसला होता. मग तो म्हणाला, "यतीन."

"हं."

"काही नाही."

त्याला काय म्हणायचं होतं ते यतीनला माहीत होतं. अदितीचं कॉलेजही ॲन आर्बरलाच आहे. तिचा फ्रिज यतीनने वर चढवला, तेव्हा खाली फुटपाथवर पोरं आपापलं सामान घेऊन हात द्यायला कोणी मिळतंय का ते बघत उभी होती, आणि घाई असल्यामुळे दोघं लगेच निघाले होते.