चंद्रकलेची शेवटची कथा

सौंसरच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नापेक्षा मोठा होता. आत कथानंद महाराजांचं कथासिद्धी शिबिर चालू होतं. ज्याला कधी साधा अर्ज धड लिहिता आला नाही, तो तिथून लेखक होऊन बाहेर पडत होता. बसस्टँडजवळचा न्हावी लेखक झाला होता. डोक्याला कोणी ताण देत नव्हतं. घरातलं मेलेलं माणूस वरून गोष्ट सांगायचं आणि ती महाराजांच्या वाग्यंत्रावर उमटायची. वाग्यंत्र म्हणजे भगवं कापड पांघरलेला मोठा टीव्ही.

"आम्ही नाव विचारत नाही, गाव विचारत नाही," महाराज माईकवर म्हणाले. "आत्मा स्वतः येतो. फक्त आपापले मोबाइल बंद ठेवा. आत्म्याला रेंज लागते."

लोकांनी पटापट मोबाइल बंद केले.

पुढच्या रांगेत बोरगावचा कवडू बसला होता. त्याची बायको शकुबाई उन्हाळ्यात वारली. कापूस वेचताना ती गोष्टी सांगायची. दवाखान्यातल्या खाटेवरही तिनं एक नवीन गोष्ट सुरू केली होती. मालकानं संत्र्याच्या बागेवर राखणीला कोल्हाच ठेवला. कोल्ह्यानं बाग फस्त केली, एक टोपली तेवढी उरली, आणि मालक आला. इथं शकूला दम लागला. "बाकीची उद्या सांगीन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. तेव्हापासून तो कोल्हा टोपली घेऊन कवडूच्या डोक्यात उभा होता.

टीव्हीवर अक्षरं उमटली. 'कवडू, मी तुझी शकू. ऐक, कोल्ह्याचे पुढे काय झाले.' कोल्ह्याला पश्चात्ताप झाला. त्यानं मालकाचे पाय धरले आणि तो तप करायला जंगलात गेला. लोभ वाईट, हे सर्वांना कळले.

सारं कार्यालय हुंदके देऊ लागलं. कवडूही रडला. महाराजांनी त्याच्या कपाळाला अंगारा लावला. "बाईजवळ अजून पुष्कळ कथा आहेत. पण आत्मा दुधावर उतरतो. आश्रमाला एक दुभती म्हैस लागेल."

घरी आल्यावर कवडू गोठ्यात चंद्रकलेजवळ बसून राहिला. ही म्हैस शकूनं पारडी असल्यापासून वाढवली होती. शेजारची सुप्रिया शाळेतून आली. ती मोहगावला शिक्षिका होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, काकूनं तुमचं नाव घेतलं?"

"घेतलं ना. कवडू म्हणे."

"जितेपणी कधी घेतलं होतं?"

कवडूनं आठवून पाहिलं. शकू त्याला 'ऐकून राहिले का' म्हणायची. उखाणा घ्यायची पाळी आली की न्हाणीत जाऊन बसायची.

"वर गेल्यावर मोकळी झाली असंन," तो पुटपुटला.

"अन् कोल्हा सुधरला?"

हे त्यालाही सलत होतं. शकूच्या गोष्टीत कोणी सुधरत नसे.

"महाराजानं तुम्हाले काही विचारलं होतं का?"

"काही नाही वो. नुसता चहा पाजला, बस."

"कोणी पाजला?"

"दोन पोरी होत्या. लय मायाळू. नाव काय, घरी कोण कोण आहे म्हणे. शकूची गोष्ट आयकून तर एकीच्या डोळ्यात पाणीच आलं."

"म्हणजे तुम्हीच सांगतलं."

"सांगतलं कुठं? चहा पेता पेता बोललो."

आपल्याकडे चहावरचं बोलणं सांगण्यात धरत नाहीत, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गेले. चहाच्या टेबलाशी सुप्रियानं आपलं नाव सांगून सुस्कारा सोडला. "आमची चंद्रकला गेली हो. साऱ्या घराले दूध पाजलं तिनं."

"पाण्यात बसाची लय आवड होती," कवडू म्हणाला. "अन् रागीट. एकदा तर शकूचं लुगडं चावलं."

चहावाल्या पोरीनं डोळे टिपले आणि ती पडद्यामागे गेली.

थोड्या वेळानं महाराजांच्या अंगात कंप आला आणि टीव्हीवर अक्षरं उमटली. 'सुप्रिया, मी तुझी चंद्रकला. मी तुम्हा सर्वांना मायेचे दूध पाजले. नदीत स्नान करून मी रोज देवपूजा करीत असे. रागाच्या भरात शकूचे लुगडे चावले, त्याची क्षमा असावी.'

बाया रडू लागल्या. कवडू उभा राहिला.

"महाराज, चंद्रकला माही म्हैस होय. अन् मेली नाही. सकाळीच दूध काढून आलो."

बायांचं रडणं थांबलं. मग मागून कोणी तरी म्हणालं, "बापा, जित्या म्हशीची पण कथा येते." दोघातिघांनी हात जोडले. महाराजांनीही डोळे मिटून मान डोलावली.

सुप्रिया सरळ पडद्यामागे गेली आणि पडदा ओढला. चहावाली पोरगी मोबाइल घेऊन बसली होती. आत तेवढा एकच मोबाइल चालू होता.

"हे तुमचं वाग्यंत्र," सुप्रिया म्हणाली. "कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन आहे. तुम्ही चहावर बोलता, ही त्यात टाकते, ते गोष्ट रचून देते. हे माझ्याही मोबाइलमध्ये आहे. शाळेत मी पोरांना यानंच गोष्ट लिहायला शिकवते. ते लिहितं, पोरं त्यातलं खोटं शोधतात, मग आपली लिहितात. यात आत्मा नाही. त्याला म्हैस कोण अन् माणूस कोण, हेही कळलं नाही."

तिनं सर्वांसमोर कोल्ह्याची गोष्ट त्याच मोबाइलला सांगितली आणि पाच शेवट मागितले. पाचही वाचून दाखवले. पाचही कोल्हे सुधरले. एकानं तर वाचनालय काढलं.

लोक हसू लागले. महाराज टीव्हीची वायर गुंडाळायला लागले.

"नाही," कवडू म्हणाला. "शकूचा कोल्हा असा नाही करत." त्यानं टोपली धरल्यासारखे हात पुढे केले. "मालक आला, तवा कोल्हा म्हणे, या साहेब, टोपली घ्या, ताजी संत्री हायेत. अन् मालकाचीच संत्री मालकाले इकली. वरून रिकामी टोपली परत मागतली."

सारं कार्यालय हसलं. शकू गेल्यापासून कवडू पहिल्यांदाच हसला.

"शकुबाईनं सांगतलं का हे, आत्ता?" न्हाव्यानं हळूच विचारलं.

"नाही गा," कवडू म्हणाला. "शकू मेली. आता ती काही सांगत नाही. हे मी सांगतलं."

आणि तो चंद्रकलेच्या धारेची वेळ झाली म्हणून घरी निघाला.